टेट्राक्लोरोक्युप्रेट हिरवा नसतो, पिवळा असतो

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी आपल्या दैनिकाच्या बारावीच्या अभ्यास पुरवणीत रसायनशास्त्राचे सरावप्रश्न आले होते. त्यात अकरावा प्रश्न असा होता: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल जास्त प्रमाणात घातल्यावर जो टेट्राक्लोरोक्युप्रेट आयन तयार होतो, त्याचा रंग कोणता? पर्याय होते निळा, हिरवा, पिवळा आणि रंगहीन. पान उलटून उत्तरसूची पाहिली तर तिथे 'हिरवा' छापलं आहे. हे उत्तर चुकलं आहे. तो आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, पिवळा असतो. पुढच्या सोमवारी दुरुस्ती छापावी, एवढी माझी विनंती आहे. पण नुसतं 'हिरवाऐवजी पिवळा वाचावे' असं एका ओळीत छापलंत तर मुलं तेही पाठ करून टाकतील, आणि पुन्हा कुणाला काही दिसणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी तासगावची. तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २९ वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आता निवृत्त आहे. शिकवणं माझं काम नव्हतं. द्रावणं तयार करणं, बाटल्या भरणं, चिठ्ठ्या चिकटवणं, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर मुलांची मांडामांड करणं, आणि मुलं गेल्यावर नळ्या धुणं हे माझं काम. नळ्या धुणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती शिकवणाऱ्याला कधीकधी कळत नाही. नळीत शेवटी काय उरलं होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

तर ही नळी. मोरचूद पाण्यात विरघळवलं की फिकट निळं द्रावण होतं. त्यात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात, चार जवळ आणि दोन जरा लांब. हे निळं द्रावण नळीत एक मिलिलिटर घ्यायचं आणि ड्रॉपरने संहत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब सोडायचं. पहिल्या काही थेंबांत निळ्याला हिरवट झाक येते. मग नळी स्वच्छ हिरवी होते, कोवळ्या कैरीच्या सालीसारखी. बहुतेक मुलं इथेच थांबतात, कारण जर्नलमध्ये इथपर्यंतच लिहिलेलं असतं. पण थांबायचं नाही. आणखी आम्ल घालायचं. हिरव्यातला निळेपणा हळूहळू निघून जातो, पोपटी होतं, मग पिवळट. मोरचूद आधीच अगदी थोडं घेतलं असेल आणि आम्ल भरपूर, तर चांगलं पिवळं दिसतं. मग त्या नळीत पाणी घाला. पुन्हा हिरवं, आणखी पाणी घातलं की पुन्हा निळं. दोन मिनिटांत मूल या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येतं.

घडतं ते असं. पाण्याचे रेणू तांब्याला सोडतात आणि त्यांची जागा क्लोराइड आयन घेतात. क्लोराइड आकाराने मोठा आणि ऋणभारित, त्यामुळे सहा मावत नाहीत, चार मावतात. तांब्यावर दोन धन, चार क्लोराइडवर चार ऋण, म्हणून सगळ्या आयनावर मिळून दोन ऋणभार राहतो. हाच टेट्राक्लोरोक्युप्रेट. धातूचा अणू मधे आणि ठरावीक संख्येने सोबती भोवती, ही मांडणी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला काम करणाऱ्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली मांडली तेव्हा ते अवघ्या २६ वर्षांचे होते. १९१३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. बारावीचा कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा त्यांच्यापासूनच सुरू होतो. पण तो धडा शिकताना किती मुलांच्या हातात ही नळी असते, हा माझा प्रश्न आहे.

मग नळी हिरवी का दिसते? कारण मधल्या टप्प्यावर तिच्यात निळे आयनही असतात आणि पिवळेही. आमच्या जुन्या विभागप्रमुखांनी हे मुलांना एका युक्तीने दाखवलं होतं, आणि तेव्हापासून मी दरवर्षी ती मांडत आले. एका नळीत साधं मोरचुदाचं निळं पाणी. दुसऱ्या नळीत भरपूर आम्लातलं पिवळं द्रावण, बूच घट्ट लावून. दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात एकापुढे एक धरायच्या आणि दोन्हींतून आरपार बघायचं. हिरवं दिसतं! नळ्या बाजूला केल्या की एक निळी, एक पिवळी. कुठेच हिरवं नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाच्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकण्यासाठी मी २९ वर्षं नळ्या धुतल्या असं म्हटलं तरी चालेल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खऱ्या द्रावणात फक्त दोनच प्रकारचे आयन नसतात. एक क्लोराइड लागलेले, दोन लागलेले, तीन लागलेले असे मधले सगळेच थोडेथोडे असतात आणि त्यांचाही रंगाला हातभार लागतो. पण म्हणून चार क्लोराइडवाला आयन हिरवा ठरत नाही. परीक्षेत 'तुम्हाला काय दिसलं?' असं विचारलं तर 'हिरवं' हे उत्तर अगदी बरोबर आहे, त्याला पूर्ण गुण द्यावेत. 'त्या आयनाचा रंग कोणता?' असं विचारलं तर 'पिवळा'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या पुरवणीत दुसरा प्रश्न विचारून पहिल्याचं उत्तर दिलं गेलं. गाइडांमध्येही हीच चूक मी पाहिली आहे, आणि एका गाइडातली चूक दुसऱ्यात उतरायला वेळ लागत नाही.

रंगाचं कारणही दोघांचं वेगळं आहे. निळं द्रावण प्रकाशातला तांबडा भाग गिळतं, म्हणून आपल्याकडे निळा येतो. पिवळ्या आयनात क्लोराइडवरचा इलेक्ट्रॉन तांब्याकडे उडी घेतो. त्या उडीला जांभळ्या-निळ्या बाजूचा प्रकाश लागतो, तो खर्च होतो आणि पिवळा उरतो. वर्गात 'डी-डी संक्रमण' (म्हणजे धातूच्याच इलेक्ट्रॉनची आतल्या आत उडी) एवढे दोन शब्द सांगून सगळ्या रंगांची वासलात लावली जाते. त्या दोन शब्दांनी हा पिवळा रंग समजत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एक मुलगी होती, मणेराजुरीकडून एसटीने यायची. तिच्या जर्नलमध्ये निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'द्रावण आधी हिरवे झाले. आणखी आम्ल घातल्यावर पिवळे झाले.' दुसरं वाक्य लाल शाईने खोडलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'हिरवा. पुस्तक नीट वाचा.' ती जर्नल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, तुम्ही नळी धुतलीत ना माझी? पिवळीच होती ना?" पिवळीच होती. मी ती स्वतःच्या हाताने ओतली होती. पण तपासणारे सर माझ्याहून वरच्या पदावर, आणि मी सहायक. मी म्हणाले, "सरांनी लिहिलंय तसं कर बाळ." तिने निमूटपणे पान फाडलं आणि नवं लिहिलं.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. त्या सरांवर माझा राग नाही, त्यांनी पुस्तकात होतं ते मानलं. पण त्या मुलीने खरं पाहिलं होतं, खरं लिहिलं होतं, आणि तिला शिकवलं गेलं ते असं की डोळ्यांपेक्षा छापलेलं खरं. परवा आपल्या पुरवणीत तोच 'हिरवा' पुन्हा छापलेला बघितला आणि मला ती जर्नल आठवली.

ही नळी आमच्या भागातल्या मुलांच्या हातात द्यायला हवी, याला आणखी एक कारण आहे. तांबं आणि क्लोराइड यांची ओळख आमच्याकडे पुस्तकाआधी शेतातून होते. माझे आण्णा द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणी झाली आणि परतीचा पाऊस लांबला की डावणी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, येणार, या धास्तीने घर झोपायचं नाही. त्यावर फवारायचा बोर्डो करायचा म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद एका पिंपात, चुन्याचं दूध दुसऱ्यात, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत लाकडी काठीने ढवळायचं. लोखंडी बादली चालत नाही. मग आण्णा विळ्याचं पातं त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस लेप चढला तर म्हणायचे, "चुना कमी पडला, अजून घाल." पातं जसंच्या तसं निघालं तर फवारणी सुरू. अकरावीत मी लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं ही अभिक्रिया शिकले तेव्हा मला तो विळा दिसला, आणि तो धडा मला कधी पाठ करावा लागला नाही.

हा बोर्डो फ्रान्समधल्या बोर्डो भागातला. तिथे रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर डावणी आलेली नाही हे मिलार्डे या प्राध्यापकांच्या नजरेत आलं, आणि १८८५ साली त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं. त्यांनीही आधी पाहिलंच.

आणि ज्याला आमचे शेतकरी 'सीओसी' म्हणतात, ते कॉपर ऑक्सिक्लोराइड? त्या फिकट हिरव्या भुकटीत तांब्याचे दोन आयन, हायड्रॉक्साइडचे तीन आणि क्लोराइडचा एक, असा हिशेब आहे. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती मिसळते, म्हणून पानावर टिकते आणि तिथल्या ओलाव्यात अगदी थोडंथोडं तांबं सोडत राहते. बुरशीच्या बीजाणूंना तेवढं पुरतं. वर्गातली निम्मी मुलं सुट्टीत पाठीवर पंप घेऊन तीच भुकटी फवारतात, आणि सोमवारी कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा आपल्या जगातला नाही अशा चेहऱ्याने बसतात. दोष मुलांचा नाही. दोन्हींच्या मधली नळी कुणी दाखवलेली नसते.

घरात बघा. तांब्याचा हंडा, ताम्हन, पळी-पंचपात्र चिंच-मिठाने घासतात. नुसत्या चिंचेने निघतं, पण मीठ घातलं की झरझर निघतं. चिंचेचं आम्ल काळपट ऑक्साइड सैल करतं, आणि मिठातलं क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतं, पुन्हा भांड्यावर बसू देत नाही. माझ्या आजीला आयन ठाऊक नव्हता, पण घासल्यावर भांडं भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं हे ठाऊक होतं. मीठ अंगावर राहिलं तर दोन दिवसांत कानाकोपऱ्यात हिरवा कळक धरतो. आणि कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं ते का, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही: आंबट आणि खारट दोन्ही एकत्र आले की तांबं सुटणारच.

हा कळक साधा नाही. जमिनीत पुरलेल्या कांस्याच्या जुन्या वस्तूंना मातीतल्या मिठाचं क्लोराइड लागलेलं असतं. पृष्ठभागाखाली क्युप्रस क्लोराइड म्हणून ते दबा धरून बसतं, आणि वस्तू बाहेर काढून दमट हवेत ठेवली की त्यातून फिकट हिरवी भुकटी फुटायला लागते. त्यात तयार होणारं आम्ल आणखी तांबं खातं, आणखी क्लोराइड बनतं, आणि चक्र चालूच राहतं. संग्रहालयातली माणसं याला कांस्यरोग म्हणतात. ती भुकटी रसायन म्हणून पाहिली तर आमच्या सीओसीचीच सख्खी बहीण आहे. जी द्राक्ष वाचवते, तीच मूर्ती पोखरते. एकदा आम्ही मुलांना कोल्हापूरला टाउन हॉल संग्रहालयात नेलं होतं. ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे, हजारो मैलांवरून व्यापाऱ्यांबरोबर आलेली. तिच्यासमोर उभं राहून मी मुलांना विचारलं, "हिला कोरड्या हवेत का ठेवायला हवं?" एका मुलाने लगेच सांगितलं, "ताई, नाहीतर हिच्यावर सीओसी येईल." इतकं नेमकं उत्तर मी कुठल्याही उत्तरपत्रिकेत वाचलं नाही.

क्युप्रस म्हणजे एकच धनभार असलेलं तांबं. त्याचंही क्लोराइडशी नातं बघण्यासारखं आहे. क्युप्रिक क्लोराइड, संहत आम्ल आणि तांब्याचा चुरा एकत्र उकळला की द्रावण आधी गडद तपकिरी, जवळजवळ काळं होतं आणि मग हळूहळू रंग उतरत जवळपास पाण्यासारखं होतं. तांबं आहे, भरपूर आहे, पण रंग नाही. ते भरपूर पाण्यात ओतलं की पांढराशुभ्र साका बसतो. हवेत ठेवला तर तोही हिरवा पडतो. आपल्या अकराव्या प्रश्नातला 'रंगहीन' हा पर्यायही त्यामुळे अगदीच निरर्थक नव्हता, फक्त तो दुसऱ्या आयनाचा आहे. हा प्रयोग मात्र मुलांच्या हाती देऊ नये. उकळतं संहत आम्ल आहे, तो शिक्षकांनी धूरपेटीत करून दाखवावा.

आणखी एक नळी आमच्याकडे होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. टेट्राक्लोरोक्युप्रेटला डायएथिल-अमोनियमची जोड दिली की एक स्फटिक मिळतो. थंड असताना तो हिरवा असतो, साधारण ५२-५३ अंश सेल्सियसला पिवळा होतो आणि निवला की परत हिरवा. थंडीत अमोनियमच्या हायड्रोजनने क्लोराइडना ओढून धरलेलं असतं, त्यामुळे चार क्लोराइड तांब्याभोवती एका पातळीत, चौकोनात बसतात. तापलं की ती पकड सैल होते आणि ते चपट्या चतुष्फलकाच्या (चार कोपऱ्यांच्या, पिरॅमिडसारख्या) आकारात सरकतात. चतुष्फलक पुरता नीट का नसतो, थोडा चपटा का असतो, याचं कारण तांब्याच्या नऊ डी-इलेक्ट्रॉनांत आहे. यान आणि टेलर या दोघांनी १९३७ साली त्यामागचा नियम सांगितला. आमच्या विभागप्रमुखांनी हे स्फटिक बनवून बंद नळीत ठेवले होते, कारण ते हवेतलं पाणी ओढतात. मे महिन्यात दुपारी आम्ही ती नळी प्रयोगशाळेच्या पत्र्यावर ठेवायचो. दहा मिनिटांत पिवळी. उचलून सावलीत आणली की हातातल्या हातात हिरवी व्हायला लागायची. तासगावच्या उन्हात हा प्रयोग करायला बर्नरही लागत नाही.

इथेही बघा, तोच आयन एका आकारात हिरवा आणि दुसऱ्यात पिवळा! मग मी वर 'हिरवा नाही' असं इतक्या ठामपणे का म्हणाले? कारण प्रश्न द्रावणाचा होता, आणि द्रावणात तो चपट्या चतुष्फलकाच्या आकारात असतो, म्हणून पिवळा. घन स्फटिकात सोबत कोण आहे त्यावर आकार ठरतो आणि आकारावर रंग. प्रश्न नेमका विचारला तर उत्तरही नेमकं येतं.

पुन्हा साध्या नळीकडे येते, कारण तिच्यात अजून बरंच आहे. आम्लाऐवजी मीठ घालून बघायला सांगा. मोरचुदाच्या पाण्यात चमचाभर मीठ ढवळलं की हिरवं होतं, पण कितीही मीठ घाला, पिवळं होत नाही. का? मिठाचं संपृक्त पाणी घेतलं तरी त्यात लिटरमागे क्लोराइडचे साडेपाच मोलच्या आसपास असतात. संहत आम्लात बाराच्या आसपास. आणि त्यांची स्पर्धा कुणाशी? पाण्याशी, ज्याचे लिटरमागे पंचावन्न मोल असतात. क्लोराइड तांब्याला फार घट्ट धरत नाही, त्यामुळे संख्येनेच जिंकावं लागतं. हिरवी नळी गरम पाण्यात धरली तर पिवळ्याकडे सरकते, बर्फात धरली तर निळ्याकडे, कारण क्लोराइड बसवायला उष्णता लागते. हिरव्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले तर क्लोराइड पांढरा साका होऊन खाली बसतं आणि वरचं पाणी पुन्हा निळं. सिल्व्हर नायट्रेट महाग, कुलपात ठेवलेलं, म्हणून हे मी वर्षातून एकदाच करायची. पण त्या दिवशी वर्ग भरलेला असायचा. ल शातेलिए यांचं १८८४ चं तत्त्व, की समतोलाला धक्का दिला तर तो धक्का कमी होईल अशा बाजूला सरकतो, घोकून मुलं कंटाळतात. या एका नळीत ते तीन वेगवेगळ्या वाटांनी दिसतं.

आता खर्चाबद्दल, कारण प्रत्येक वेळी 'साहित्य नाही' हे कारण पुढे येतं. पाच ग्रॅम मोरचूद शंभर मिलिलिटर पाण्यात. शंभर मुलांना प्रत्येकी एक मिलिलिटर. संहत आम्ल प्रत्येकी दोन मिलिलिटर धरलं तर दोनशे मिलिलिटर. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या कपाटात हे असतंच. नसतो तो वेळ, कारण ७० गुणांच्या लेखी परीक्षेपुढे ३० गुणांची प्रात्यक्षिकं उरकायची असतात. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून येतं, निरीक्षणं आधी लिहिली जातात आणि नळी नंतर, तीही हातात आली तर. सॉल्ट ॲनालिसिसला, म्हणजे दिलेल्या क्षारातला धातू ओळखण्याच्या परीक्षेला, कॉपर येणार हे आधी फुटलेलं असतं, आणि मग अमोनिया घातल्यावर येणारा गर्द निळा रंग न बघताच 'डीप ब्लू कलरेशन' लिहून टाकतात. हे मी ऐकलेलं सांगत नाही, माझ्या समोर घडलेलं सांगते.

काळजी मात्र घ्यायला हवी. संहत आम्लाच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात. बाटली खिडकीजवळ किंवा धूरपेटीत ठेवावी, मुलांना चष्मे द्यावेत, ड्रॉपर एकाच्याच हातात असावा. पाणी घालताना तेही थेंब थेंब, कारण नळी तापते. आणि उरलेलं मोरीत ओतू नये. जे तांबं बुरशी मारतं ते ओढ्यातल्या माशांनाही मारतं. मी सगळ्या नळ्या एका प्लॅस्टिकच्या बरणीत रिकाम्या करायची, भरपूर पाणी घालायची आणि त्यात गंजके खिळे टाकायची. आठवड्याभरात खिळ्यांवर तांबं बसायचं. ते गाळून वेगळं ठेवायचं, उरलेल्या पाण्यात आंबटपणा जाईपर्यंत चुना घालायचा, आणि खाली बसलेला गाळही बाटलीत भरून चिठ्ठी लावून ठेवायचा. खिळ्यांवर बसलेलं ते तांबूस चूर्णही मी पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायची. आण्णांच्या विळ्यावर असायचं तेच ते.

तेव्हा विनंती अशी. दुरुस्ती छापताना पर्याय 'पिवळा' असा बदलावा, आणि खाली दोन ओळी जोडाव्यात: मधे दिसणारा हिरवा रंग निळ्या आणि पिवळ्या आयनांच्या एकत्र असण्याने येतो, आणि भरपूर आम्ल घातल्यास पिवळा दिसतो. पुरवणीत रसायनशास्त्राचे सरावप्रश्न लिहिणाऱ्यांना एकच सांगावं, की रंगाचा प्रश्न घालण्याआधी ती नळी एकदा स्वतः करून बघावी.

आणि जमल्यास दुरुस्तीसोबत रंगीत छायाचित्र छापावं. कृष्णधवल छापून उपयोग नाही. निळी, पिवळी, आणि दोन्ही एकापुढे एक धरल्यावर दिसणारी हिरवी, अशी तीन चित्रं पुरेत. आपल्या छायाचित्रकारांना पाठवलंत तर मी नळ्या आमच्या खिडकीत लावून ठेवीन. आम्ल माझ्याकडे नाही, पण आमचं जुनं महाविद्यालय देईल, विचारून ठेवलं आहे. सकाळी नऊ ते अकरा उजेड चांगला असतो. त्यानंतर ऊन सरळ आत येतं आणि पिवळा फिका दिसतो.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
तासगाव, जि. सांगली

(नाव प्रसिद्ध करू नये. महाविद्यालयाचं नावही मी मुद्दाम लिहिलेलं नाही.)